प्रीकॅल्क्युलसमधलं ट्रिग आणि व्हेक्टर

अरे, इकडच्या अमेरिकन हायस्कूलमध्ये नवीन आलायस ना, मग प्रीकॅल्क्युलस, म्हणजे कॅल्क्युलसच्या आधीच्या गणितात, ट्रिगसाठी (त्रिकोणमिती) आधी युनिट सर्कल (१ त्रिज्येचं वर्तुळ), पण सगळं पाठ नको करूस, पहिल्या क्वाड्रंटमधले (वर्तुळाचा पहिला पाव भाग) ३०, ४५, ६० अंश एवढेच पक्के कर, बाकीचे आरशासारखे उलटून येतात, फक्त चिन्ह बघायचं. रेडियनला घाबरू नको, त्रिज्येएवढ्या लांबीचा कंस केंद्रापाशी जो कोन करतो तो १ रेडियन, संपलं. कॅल्क्युलेटरचा मोड मात्र दर वेळी बघ, रेडियनवर असताना साइन ३० टाकलंस तर ०.५ ऐवजी -०.९८८ येतं आणि अख्खा पेपर जातो.

व्हेक्टरमध्ये (लांबी आणि दिशा दोन्ही असलेली राशी) खरी गोची कोनाची. समज (-३, ४) दिलाय, लांबी ५, ते सोपंय, पण कोनासाठी ४ भागिले -३ चं टॅन इन्व्हर्स मारलं की -५३.१३ अंश येतं आणि पोरं तेच लिहून मोकळी होतात, अरे व्हेक्टर दुसऱ्या क्वाड्रंटमध्ये आहे, १८० मिळव, १२६.८७ येईल. म्हणून आधी कच्ची आकृती काढच. बेअरिंग (नकाशावरची दिशा) असेल तर कोन उत्तरेकडून घड्याळाच्या दिशेने मोजतात, तिथे पूर्वेचा घटक साइनने येतो, कोसाइनने नाही. आणि एपी प्रीकॅल्क्युलस (कॉलेज पातळीचा कोर्स) घेतलं असशील तर व्हेक्टरचं युनिट त्या परीक्षेत नसतं, पण पुढे फिजिक्सला लागतंच, सोडू नकोस!