‘स्वच्छ’ची अक्षरं किती?

प्रश्न: माझी मुलगी एस.वाय.बी.ए.ला आहे, विषय मराठी. मोबाइलवर शब्दांचे खेळ खेळता खेळता आता तिला तसा मराठी खेळ ‘डिझाइन’ करायचाय. कॉलेज सोडून सहा महिन्यांचा यूएक्सचा, म्हणजे ॲप वापरायला सोपं कसं करायचं त्याचा, कोर्स करते म्हणते. फी दीड लाख, त्यातले पाच हजार टोकन म्हणून भरूनही झालेत. परवा ‘स्वच्छ’वरून वाद झाला. मी म्हणते चार अक्षरं, ती म्हणते दोन. गेम हे काय करिअर असतं का? – एक आई, भांडुप

ताई,

आधी वाद मिटवते. दोनच. स्व आणि च्छ. पण तुम्ही चारवर थांबलात हे बरं, मोबाइलला विचारलंत तर तो सहा सांगेल. युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रात अक्षरं साठवायच्या पद्धतीत, स, हलन्त (पाय मोडायची खूण), व, च, हलन्त, छ असे सहा तुकडे साठवले जातात. ‘मुंबई’ आपल्याला तीन अक्षरी, यंत्राला पाच. मग तीन चौकोनांच्या खेळात ‘मुंबई’ बसणार की नाही? हे कुणीतरी ठरवून प्रोग्रामरला सांगावं लागतं. तुमची लेक जे करू बघतेय ते हे काम आहे. रंगीत बटणं काढणं फार नंतर येतं.

‘वर्डल’ तिने खेळलेलं असणारच. जॉश वॉर्डलने ते मुळात आपल्या जोडीदारासाठी केलं, ऑक्टोबर 2021 मध्ये सगळ्यांना खुलं केलं आणि जानेवारी 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतलं. लपलेला शब्द ओळखायचा: पाच अक्षरं, सहा प्रयत्न, दिवसाला एकच शब्द. इंग्रजीतले पाच अक्षरी शब्द बारा हजारांच्या घरात. त्यातून ओळखीचे तेवढे सुमारे अडीच हजार उत्तरासाठी निवडले. निवड करणारी त्याची जोडीदारच. ही चाळणी कोडिंगची नव्हे, भाषेची. मराठीत मोल्सवर्थचा 1857 चा कोश उघडून त्यातले शब्द जसेच्या तसे खेळात ओतले, तर तुमच्या सासूबाईसुद्धा दुसऱ्या दिवशी ॲप काढून टाकतील. कुठला शब्द आजही घरात बोलला जातो, हे मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलीला कळतं. आणि ती नेमकं तेच सोडायला निघालीय!

एक उदाहरण घेऊ. उत्तर आहे ‘विहीर’, खेळणाऱ्याने टाकलं ‘वहाण’. वर्डलचा नियम तसाच लावला तर तिन्ही चौकोन करडे होतील, म्हणजे ‘हे अक्षर शब्दात नाही’, कारण ‘व’ म्हणजे ‘वि’ नाही आणि ‘हा’ म्हणजे ‘ही’ नाही. खेळणारा म्हणेल, व गेला, ह गेला. पण दोन्ही व्यंजनं तर अगदी जागेवर आहेत, चुकली ती फक्त वेलांटी-काना. म्हणजे मराठीत ‘व्यंजन बरोबर, स्वर चुकला’ अशी एक जास्तीची खूण हवी. ती रंगाने दाखवायची की चौकोनाच्या कडेने? लाल-हिरवा वेगळा न दिसणाऱ्यांचं काय? आणि एखाद्याने ‘विहिर’ असं ऱ्हस्व लिहिलं तर? ‘विहिरीत’ या रूपात ‘हि’ ऱ्हस्वच असते, त्यामुळे ही चूक भल्याभल्यांची होते. खेळाने तिथे शुद्धलेखनाच्या मास्तरासारखं हातावर छडी मारायची, की गुपचूप दीर्घ करून घ्यायचं? मी दीर्घ करून घेईन. लेकीचं मत वेगळं असेल तर तिने कारण लिहून ठेवावं.

कीबोर्डचा भाग मला सगळ्यात आवडतो. बोटाने दाबायचं बटण निदान 48 डीपी (डीपी हे स्क्रीनवरचं माप) असावं, अशी गूगलची शिफारस आहे. साधारण 360 डीपी रुंद फोनवर एका ओळीत सातच बटणं मावतात. क्ष-ज्ञ धरून व्यंजनं छत्तीस, म्हणजे सहा ओळी. त्यात स्वर आलेच नाहीत. खेळायला जागा उरली कुठे? आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइनच्या विभागात, तयार झालेल्या ‘स्वरचक्र’ कीबोर्डने यावर तोड काढली. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती बाराखडीचं चक्र उघडतं. तिला ते फोनवर टाकून बघायला सांगा, आणि लोकलमध्ये, एका हाताने वरची कडी धरून, एकाच अंगठ्याने. मी डोंबिवलीची. ठाणं सुटल्यावर पारसिकच्या बोगद्यात नेट गेलं आणि पाचव्या प्रयत्नावर आलेला माझा खेळ पुसला गेला, तेव्हा मी त्या खेळाच्या डिझायनरला उद्देशून काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. फक्त शब्दखेळांवर पगार देणाऱ्या कंपन्या आपल्याकडे बोटावर मोजण्याइतक्या. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट 2025 च्या कायद्याने बंदी आणली. त्या कंपन्यांमधले अनुभवी डिझायनर आता काम शोधताहेत, हे तिला माहीत असू दे. शब्दखेळ त्या कायद्यात अडकत नाही, तेव्हा ‘जुगार’ हा शब्द घरात वापरू नका. पण मुंबईत यूएक्सची नोकरी लागेल ती बहुधा बँकेत, विम्यात नाहीतर पेमेंटच्या ॲपवर. तिथे मुलाखतीत हा खेळ तिच्या कामी येईल. मराठी फॉर्म भरताना माणूस कुठे अडखळतो हे समजणारी माणसं त्या टेबलावर फार नसतात.

म्हणून बी.ए. पूर्ण करू द्या. टी.वाय.ला असताना ती सीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊ शकते. जानेवारीत होते, आयआयटी मुंबई घेते, परीक्षेला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. त्यातून एम.डेस., म्हणजे डिझाइनची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, करता येते; मात्र कुठल्या संस्थेला कुठली पदवी चालते ते आधी बघा. चित्रकलेचा सराव लागतो, स्पर्धा जबरदस्त आहे. पहिल्या फटक्यात नाही झालं तर पुन्हा बसता येतं.

सहा महिन्यांच्या क्लासबद्दल माझं मत गढूळ आहे, कारण एकदा मीच एका मुलाला अशा ठिकाणी पाठवलं होतं. बाहेर पडला तेव्हा त्याचा आणि बॅचमधल्या सगळ्यांचा पोर्टफोलिओ एकच: जेवण मागवायच्या ॲपची नवी सजावट. मुलाखत घेणाऱ्याने दुसरं पान उलटलं नाही. फिग्मा हे स्क्रीनचे आराखडे काढायचं सॉफ्टवेअर फुकटात शिकता येतं. त्याआधी वहीचे चौकोन कापून कागदावरच खेळ करायचा आणि पाच जणांना खेळायला द्यायचा. यूएक्समधले जाणकार याकोब नीलसन यांनी 2000 साली सांगितलं होतं की पाच माणसांतच बहुतेक मोठे घोळ उघडे पडतात. पहिल्या तुम्ही बसा. तुम्ही अडाल तेव्हा तिने ‘अगं, इथे दाब’ म्हणायचं नाही. गप्प राहून लिहायचं, आई कुठे थांबली, काय पुटपुटली. घरच्या मुलीला हे फार जड जातं.

राहता राहिले पाच हजार. पावतीवर ‘परत मिळणार नाही’ असं छापलंय का बघा. छापलं नसेल तर फोनवर गोड बोलण्यात वेळ घालवू नका. बॅच सुरू व्हायच्या आधी ईमेलने, पावतीचा फोटो जोडून मागा. छापलं असलं तरी मागा.