सीटीसी म्हणजे हातात येणारा पगार का?

प्रश्न: मुलाला महापेच्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलंय, सीटीसी ३ लाख ६० हजार लिहिलंय, म्हणजे महिन्याला ३० हजार धरायचे ना? – एक आई, ऐरोली

उत्तर: नाही ताई, आणि इथेच खूप जण फसतात. सीटीसी म्हणजे कॉस्ट टू कंपनी, कंपनीला तो वर्षाला केवढ्याला पडतो तो आकडा. हातात येतो तो इनहँड. पत्राच्या शेवटी तक्ता असतो तो नीट बघा, समजा बेसिक म्हणजे मूळ पगार महिन्याला १५ हजार असेल तर १२ टक्क्यांनी १८०० पीएफ (भविष्य निर्वाह निधी) त्याच्या पगारातून जातो आणि तेवढाच कंपनी भरते, पण तोही बहुतेक सीटीसीतच धरलेला असतो, वर ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम), शिवाय प्रोफेशनल टॅक्सचे २०० (फेब्रुवारीत ३००). व्हेरिएबल, म्हणजे कामावर अवलंबून असलेला पगाराचा भाग, लिहिलं असेल तर ते टार्गेट झालं तरच मिळणार, ते घरखर्चात अजिबात धरू नका. पीएफ मात्र त्याचाच पैसा आहे, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

प्रोबेशन म्हणजे पारखायचा काळ, नोटीस पिरियड म्हणजे सोडायच्या आधी किती दिवस सांगायचं. ९० दिवस असेल तर सहीच्या आधीच एचआरला विचारायला सांगा, लाजायचं काही कारण नाही.