ठेव मोडू की हप्ते घेऊ? श्रीलंकेच्या सहलीचा हिशेब

सप्रेम नमस्कार, ताई.

तुमचे सविस्तर पत्र आणि सोबत जोडलेली मुदत ठेवीच्या पावतीची प्रत मिळाली. इतर वाचकांनाही संदर्भ कळावा म्हणून पत्रातला मजकूर आधी थोडक्यात मांडतो. तुमचे वय ५५ वर्षे आहे. यजमान ५८ वर्षांचे असून सातारा जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्याच्या पॅन विभागात, म्हणजे पाक आटवून साखरेचे दाणे तयार करतात तिथे, काम करतात आणि २०२८ मध्ये निवृत्त होतील. त्यांचा हाती येणारा पगार ६२,००० रुपये आणि तुमचे शिवणकामाचे १०,००० रुपये, असे महिन्याला ७२,००० रुपये घरात येतात. त्यांतले ४२,००० घरखर्चाला जातात आणि १०,००० एसआयपीमध्ये. बँकेत ४ लाखांची तीन वर्षांची मुदत ठेव आहे, तिला २२ महिने झाले आहेत, आणि बचत खात्यात ९०,००० रुपये आहेत. मुलीचे लग्न झाले आहे, मुलगा पुण्यात नोकरी करतो. तुमच्या गुडघ्यांची झीज सुरू झाली असून, आणखी काही वर्षांत शस्त्रक्रिया करावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले आहे. तुम्हा दोघांना आयुष्यात एकदा परदेश पाहायचा आहे आणि त्यासाठी तुम्ही श्रीलंका निवडली आहे. एका सहल कंपनीने फेब्रुवारीतल्या नऊ दिवसांच्या सहलीचे दोघांचे मिळून २,५८,००० रुपये सांगितले आहेत. सगळी रक्कम आत्ताच भरली तर २,४६,०००, नाहीतर बारा ‘बिनव्याजी’ हप्ते. ठेव मोडावी असे तुमचे मत आहे, तर यजमान म्हणतात की निवृत्तीचे पैसे हाती आल्यावर जाऊ.

माझे मत आधीच सांगून टाकतो. सहलीला जा आणि २०२८ ची वाट पाहू नका. मात्र ठेव मोडू नका, हप्ते घेऊ नका आणि फेब्रुवारीतही जाऊ नका.

प्रथम हप्त्यांचा विचार करू. दरमहा २१,५०० रुपयांचे बारा हप्ते म्हणजे बरोबर २,५८,००० रुपये होतात, त्यामुळे वरवर पाहता व्याज कुठेच दिसत नाही. परंतु जो रोख भरतो त्याला हीच सहल २,४६,००० रुपयांत मिळते, म्हणजे १२,००० रुपयांची सवलत हप्तेवाल्याने सोडून दिलेली असते. त्याखेरीज प्रक्रिया शुल्काचे ३,००० आणि त्यावरील जीएसटीचे ५४० रुपये पहिल्याच दिवशी वळते होतात. असे १५,५४० रुपये जास्तीचे गेले. दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते हे लक्षात घेऊन हिशेब केला, तर हे कर्ज वर्षाला साडेअकरा टक्क्यांच्या आसपास पडते. बिनव्याजी हे त्या योजनेचे नाव आहे, दर नव्हे.

आता ठेव. तुमच्या पावतीवर दर ७.१ टक्के आहे. मुदतीआधी पैसे काढले तर बँक जितका काळ ठेव राहिली तेवढ्याच काळाचा दर लावते, तुमच्या बाबतीत तो ६.८ टक्के, आणि त्यातूनही एक टक्का दंड वजा करते. हाती उरतात ५.८ टक्के. या दराने २२ महिन्यांनंतर तुम्हाला सुमारे ४,४४,५०० रुपये मिळतील, तर ठरलेल्या दराने आज त्याच ठेवीचे मूल्य ४,५५,००० च्या थोडे वर आहे. साडेदहा हजारांचे हे नुकसान सोसवण्यासारखे नाही असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे ठेव मोडणे म्हणजे घरातले काहीतरी मोडल्यासारखे वाटते, तितके ते भयंकर नसते. माझा आक्षेप वेगळा आहे. ही ठेव, तुम्ही पत्रात तसे कुठे म्हटले नसले तरी, तुमच्या गुडघ्यांची आहे. तुमचा आरोग्य विमा ५ लाखांचा आहे हे खरे, पण सांधे बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी बहुतेक पॉलिसींमध्ये प्रतीक्षा काळ असतो आणि काहींमध्ये खोलीच्या भाड्यावर वा त्या शस्त्रक्रियेच्या एकूण रकमेवर मर्यादाही असते. तुमच्या पॉलिसीचे ते पान आधी वाचून घ्या. ते वाचून होईपर्यंत या ४ लाखांना हात लावायला माझे मन धजत नाही.

यजमानांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी ते उडवून लावणार नाही. निवृत्तीला दोन वर्षे उरलेली असताना मोठा खर्च टाळावा, हा सावध माणसाचा विचार आहे. परंतु निवृत्तीचे पैसे येतात तेव्हा त्यांच्यावर हक्क सांगणारी कामेही रांगेत उभी असतात: मुलाचे लग्न, घराचे रंगकाम, आणि त्या रकमेतून पुढची वीस-पंचवीस वर्षे काढायची असतात ते वेगळेच. शिवाय ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी ठरल्या दिवशी हाती पडेलच, असे धरून कोणताही बेत आखू नये. पगार चालू असताना पगारातून केलेली सहल ही निवृत्तीच्या पुंजीतून केलेल्या सहलीपेक्षा हलकी पडते, कारण ती पुंजी पुन्हा भरून येत नाही. राहिला प्रश्न गुडघ्यांचा. दोन वर्षांनी तुम्ही किती चालू शकाल याचे उत्तर कोणत्याही तक्त्यात नाही, पण ते आजच्यापेक्षा बरे असण्याची शक्यता कमी, हे तुम्हीच लिहिले आहे.

मग जायचे केव्हा? फेब्रुवारीत गळीत हंगाम ऐन भरात असतो. त्या दिवसांत पॅन विभागातल्या माणसाला नऊ दिवसांची रजा ‘मिळेलच’ असे तुम्ही लिहिले आहे, पण तसे यजमानांनी म्हटल्याचे पत्रात कुठे दिसले नाही. रजा नाकारली गेली तर आगाऊ भरलेल्या २,४६,००० रुपयांतले रद्द करण्याच्या शुल्कापोटी किती जातील, ते कंपनीच्या अटींमध्ये पाहा. तुम्ही पाठवलेल्या पत्रकाप्रमाणे शेवटच्या ३० दिवसांत रद्द केल्यास निम्मी रक्कम जाते. आठ महिने आधी दिलेल्या या पैशांना बँकेच्या ठेवीसारखे विम्याचे संरक्षण नसते, हेही विसरू नये.

श्रीलंकेचे हवामान इथे तुमच्या बाजूने आहे. बेटाच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे गॉल, मिरिसा आणि कोलंबोकडे, मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी पाऊस असतो, आणि पूर्वेकडील त्रिंकोमालीकडे डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्य मोसमी पाऊस. मार्चचा उत्तरार्ध या दोन्हींच्या मधला आहे. दुपारनंतर एखादी गडगडाटी सर येते, पण सकाळ स्वच्छ मिळते आणि दक्षिणेचा समुद्र अजून शांत असतो. तुमच्या कारखान्याचा हंगाम मार्चच्या मध्यापर्यंत आटोपतो असे तुम्हीच लिहिले आहे, तेव्हा २० मार्च २०२७ च्या सुमारास निघून महिनाअखेरीस परत यावे. एप्रिलमध्ये ढकलू नका. १३-१४ एप्रिलला तिथले सिंहली-तमिळ नववर्ष असते, नुवारा एलिया या थंड हवेच्या ठिकाणी स्थानिक लोकांची झुंबड उडते आणि खोल्यांचे भाव चढतात.

आता खर्च. श्रीलंकन रुपया आपल्या रुपयापेक्षा बराच स्वस्त आहे, म्हणून तिथे सगळे स्वस्त, असा समज अनेकांचा असतो. जेवण आणि तीनचाकी यांच्यापुरता तो खराही आहे. परंतु परदेशी प्रवाशांसाठी हॉटेले, चालकासह गाडी आणि प्रेक्षणीय स्थळांचे प्रवेश शुल्क बहुतेक डॉलरमध्ये सांगितले जाते, त्यामुळे तुमच्या खिशाचा संबंध श्रीलंकन रुपयाशी कमी आणि डॉलरच्या भावाशी अधिक येतो. २०२२ च्या आर्थिक संकटात त्या देशाने परकीय कर्जाची फेड थांबवली आणि त्यांचे चलन काही आठवड्यांत कोसळले, तेव्हापासून तर डॉलरमध्येच बोलण्याची सवय अधिक पक्की झालेली दिसते.

मी दोघांसाठी धरलेला अंदाज असा आहे. मुंबई ते कोलंबो थेट विमानाचे जाण्या-येण्याचे ६०,००० रुपये, आठ दिवस चालकासह गाडीचे ५०,०००, आठ रात्रींच्या साध्या पण स्वच्छ खोल्यांचे ३६,०००, जेवण आणि प्रवेश शुल्काचे ४०,०००, प्रवास विमा, ईटीए म्हणजे श्रीलंकेत प्रवेशाची ऑनलाइन परवानगी, आणि सिमकार्ड मिळून ८,०००. एकूण १,९४,००० झाले. त्यावर २०,००० अडीअडचणीसाठी ठेवले, म्हणजे २,१४,००० रुपये. सहल कंपनीपेक्षा हे ४४,००० ने कमी आहे, पण मी स्वतंत्र गाडी सुचवतो आहे ती केवळ पैशांसाठी नव्हे. पस्तीस जणांच्या बसमध्ये गुडघे दुखणाऱ्या माणसाला इतरांच्या वेगाने चढावे-उतरावे लागते, आणि तुमच्या पत्रकात तिसऱ्याच दिवशी सिगिरिया आहे. त्या खडकावर पोहोचायला सुमारे १,२०० पायऱ्या चढाव्या लागतात. राजा कश्यपाने पाचव्या शतकात तिथे राजवाडा बांधला, तेव्हा पाहुण्यांच्या गुडघ्यांचा विचार केलेला नव्हता. तुम्ही वर जाणार नसाल तर त्या प्रवेशाचे पैसे कशाला द्यायचे? खडक दुरूनही उत्तम दिसतो. इतर पुरातन स्थळी तिकीट काढताना मात्र पासपोर्ट दाखवा, भारतासह सार्क गटातल्या दक्षिण आशियाई देशांच्या नागरिकांना सवलतीचा दर असतो.

तुमचा जीव जडला आहे तो कँडी ते एल्ला या रेल्वेप्रवासावर. चहाच्या मळ्यांमधून चढत गाडी पट्टीपोला स्थानकात १,८९८ मीटर उंचीवर पोहोचते, पुढे उतरत एल्लाकडे येते, आणि एल्लाच्या थोडे पलीकडे १९२१ मध्ये पूर्ण झालेला नऊ कमानींचा दगडी पूल आहे. हा प्रवास करावाच. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये दित्वा चक्रीवादळाने डोंगराळ भागात दरडी कोसळून या मार्गाची मोठी हानी झाली होती. म्हणून कोणत्या स्थानकापासून कोणत्या स्थानकापर्यंतचे तिकीट मिळणार आहे, आणि गाडी नसल्यास किती रक्कम परत मिळेल, हे कंपनी असो वा स्थानिक चालक, लेखी घ्या. ‘निसर्गरम्य रेल्वेप्रवास’ एवढ्या दोन शब्दांवर पैसे देऊ नका. आरक्षित डब्याची तिकिटे दलाल आधीच उचलून ठेवतात आणि दुप्पट-तिप्पट भावाने विकतात, तेव्हा आरक्षण खुले होण्याच्या दिवशीच चालकाकडून काढून घ्यावे.

पैसे उभे करण्याची रीत सोपी आहे. घरखर्च आणि एसआयपी वजा जाता तुमच्याकडे महिन्याला २०,००० रुपये उरतात. जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत १८,००० रुपयांची आवर्ती ठेव लावली, तर साडेसहा टक्के धरून व्याजासह सुमारे १,४७,५०० रुपये होतात. हातात महिन्याला दोनच हजार मोकळे राहतील, हे मला ठाऊक आहे. दिवाळीचा बोनस त्यासाठीच बाजूला ठेवा. एसआयपी थांबवू नका. कमी पडणारे ६६,५०० रुपये मुदत ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घेऊन, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर बँकेकडून उचल घेऊन, उभे करा. त्याचा दर साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक टक्का अधिक असतो, म्हणजे तुम्हाला ८.१ टक्के. एप्रिलपासून तेच १८,००० रुपये तिकडे वळवले तर चार महिन्यांत तो फिटतो आणि व्याज अकराशे रुपयांच्या आत राहते. तोवर तुमची ४ लाखांची ठेव ७.१ टक्क्यांनी वाढतच राहील आणि मुदत संपेपर्यंत बोजाही उतरलेला असेल. ठेव मोडण्याचे साडेदहा हजार, हप्त्यांचे साडेपंधरा हजार आणि ओव्हरड्राफ्टचे अकराशे, हे तीन आकडे यजमानांना एका कागदावर लिहून दाखवा.

परदेश सहलीवर कर भरावा लागतो असे शेजारच्या गृहस्थांनी सांगितल्याचे तुम्ही लिहिले आहे, त्यासंबंधी. परदेश सहलीच्या तयार पॅकेजवर कंपनी टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच वसूल केला जाणारा आगाऊ प्राप्तिकर, गोळा करते. पूर्वी १० लाखांपर्यंत तो ५ टक्के होता, १ एप्रिल २०२६ पासून २ टक्के झाला आहे. तुमच्या पॅकेजवर तो ५,१६० रुपये होईल. हा जास्तीचा खर्च नव्हे, विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, पण विवरणपत्र भरले तरच. म्हणून पॅकेज घेतलेच तर पॅन क्रमांक यजमानांचा द्या, कारण ते दरवर्षी विवरणपत्र भरतात आणि तुम्ही भरत नाही. विमान आणि हॉटेले स्वतः वेगवेगळी घेतली तर तुमच्या रकमेवर हा प्रश्नच येत नाही.

तिथे खर्च करताना क्रेडिट कार्ड जपून वापरा, कारण परकीय चलनाच्या व्यवहारावर बँका साधारण २ ते साडेतीन टक्के अधिभार आणि त्यावर जीएसटी लावतात. दुकानदाराने ‘भारतीय रुपयांत घेऊ का’ विचारले तर नाही म्हणा, त्या सोयीत त्यांचा भाव वाईट असतो. फेब्रुवारी २०२४ पासून श्रीलंकेत यूपीआय चालते, लंकाक्यूआर या तिथल्या क्यूआर कोड प्रणालीचा फलक असेल तिथे फोनवरून पैसे देता येतात. परंतु डोंगरातल्या लहान दुकानांत रोख लागेल, ती जवळ असू द्या. ईटीए सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, तसलेच दिसणारे मध्यस्थ त्यावर आपले शुल्क चढवतात. प्रवास विम्याच्या अर्जात गुडघ्यांचा आजार लपवू नका. तो लिहिल्याने हप्ता थोडा वाढेल, पण तिथे पाय मुरगळून रुग्णालयात जावे लागले तर दावा त्याच रकान्यावर अडतो.

या आठवड्यात दोनच कामे करायची आहेत. बँकेत जाऊन ठेवीवरील ओव्हरड्राफ्टचा नेमका दर आणि त्याचे शुल्क विचारून या, आणि सहल कंपनीला आगाऊ रक्कम देण्याचे थांबवा. विमानाची तिकिटे मात्र यजमानांची मार्चमधली रजा तोंडी का होईना, पक्की झाल्यावरच काढावीत.

कळावे.