टेस्ला मॉडेल ३ परफॉर्मन्सवरून ह्युंदाई आयोनिक ५ एन घेताना काय बदलतं?

चार्जिंगची सवय आधी बदला. आयोनिकची ८४ किलोवॅट-तासांची बॅटरी ८०० व्होल्ट प्रणालीवर चालते. ३५० किलोवॅटच्या चार्जरवर ती १० ते ८० टक्के सुमारे १८ मिनिटांत भरते. टेस्लाच्या व्ही३ सुपरचार्जरचा (टेस्लाचा जलद चार्जर) व्होल्टेज मात्र ५०० पर्यंतच असतो. तिथे गाडीला तो स्वतः वाढवून घ्यावा लागतो, म्हणून वेग बराच घटतो. युरोपात प्लग बसतो, म्हणून फसू नका!

थंडीत सेटिंगमध्ये बॅटरी कंडिशनिंग (चार्जिंगआधी बॅटरी तापवण्याची सोय) चालू ठेवा आणि चार्जर गाडीच्याच नेव्हिगेशनमध्ये टाका. फोनच्या नकाशावरून बॅटरी आपोआप तापत नाही.

वजन साधारण ३५० किलोंनी वाढतं, ते वळणावर जाणवतं. पण आयोनिकमध्ये ब्रेक पेडल दाबूनही ऊर्जा परत मिळवता येते; टेस्लात ती ॲक्सिलरेटर सोडल्यानेच मिळते, पेडल फक्त घर्षणाचे ब्रेक लावतं. ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी हा मोठा फायदा.