‘आजोबा विडी ओढूनही ८८ वर्षं जगले’: धूम्रपानाचा हिशेब कुठे चुकतो?

प्रश्न : माझे आजोबा तांडेल होते. रोज विड्यांचं एक बंडल संपवायचे, तरी ८८ वर्षं जगले. मग विडी-सिगारेटने माणूस लवकर मरतो हे खरं कसं मानायचं? (एक वाचक, हर्णै)

आजोबांचं वय खरंच असणार, चुकते ती मोजणी. देवळाच्या पारावर बसलेले म्हातारे आपल्याला रोज दिसतात. पंचावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेलेला विडीवाला तिथे बसायला नसतो, म्हणून तो मोजलाही जात नाही. चटकन आठवणारं उदाहरण मन पुरावा म्हणून धरतं, आणि ते उदाहरण घरचं असलं की मग विचारायलाच नको.

ब्रिटनमध्ये १९५१ पासून ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांची ५० वर्षं पाहणी झाली. सिगारेट कधीच न सोडलेले डॉक्टर, न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १० वर्षं आधी गेले. ही सरासरी आहे. कुणाचं एकही वर्ष जात नाही, कुणाची पंचवीस जातात. आपण कोणत्या बाजूला आहोत हे आधी कळत नाही, पण प्रत्येक जण स्वतःला आजोबांच्याच बाजूला धरून चालतो.

आणि ‘विडी म्हणजे नुसतं पान’ हा समज सोडा. विडीत तंबाखू कमी असतो, पण तेंदूच्या पानातून हवा फारशी आत येत नाही. विडी सारखी विझते, म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि धुरातलं चिकट डांबर (टार) त्यामुळे कमी होत नाही.

प्रश्न : मी दिवसाला दोनच ओढतो, त्याही टपरीवर सुट्ट्या. एवढ्याने काय होणार? (रत्नागिरी)

वीस ओढणाऱ्याच्या तुलनेत आपला धोका एक दशांश, असा सरळ भागाकार मन करतं. फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका सिगारेटींच्या संख्येबरोबर बराच खाली येतो, हृदयाचा मात्र तेवढा येत नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की रोज एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जादा धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो. रक्त गुठळ्या धरू लागायला थोडा धूरही पुरतो.

सुट्टी सिगारेट घेतली की पाकिटावरचा इशारा दिसत नाही आणि मोजदादही राहत नाही. महाराष्ट्रात सुट्ट्या विक्रीवर सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, टपरीवर ती किती पाळली जाते ते तुम्ही पाहताच. आठवडाभर प्रत्येक सिगारेट पेटवण्याआधी वेळ आणि जागा मोबाइलमध्ये लिहा, नंतर नाही. ‘दोन’ हा आकडा बहुधा टिकणार नाही.

प्रश्न : रोज पाच किलोमीटर चालतो, ताजे मासे खातो. भरपाई होत नाही का? (दापोली)

नाही. चालणं चांगलंच, ते चालू ठेवा. पण धुराच्या खात्यातून त्याची वजावट होत नाही.

प्रश्न : आमच्या यजमानांचं वय ५०, आंब्याची बाग आहे. २५ वर्षं ओढतात. ‘आता सोडून काय फरक पडणार?’ म्हणतात. मी पाकिटावरचं चित्र दाखवलं की चिडून आणखी एक पेटवतात. (देवगड)

चित्र दाखवणं बंद करा. धोका त्यांना ठाऊक आहे. वाट न दाखवता नुसती भीती घातली की माणूस तोंड फिरवतो.

‘एवढी वर्षं गेली, आता काय’ हा बुडीत खात्याचा विचार आहे. वर सांगितलेल्या पाहणीतच सोडणाऱ्यांचाही हिशेब आहे : साठीत सोडली तर सुमारे ३ वर्षं वाचतात, पन्नाशीत ६, चाळिशीत ९, तिशीत जवळजवळ सगळी १०. म्हणजे त्यांची सहा वर्षं अजून हातात आहेत. जवळचे फायदेही सांगा, कारण वीस वर्षांनंतरचा फायदा मनाला फार लहान दिसतो. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड दिवसभरात उतरतो. हृदयविकाराचा जादा धोका वर्षभरात जवळपास निम्मा होतो.

खरी अडचण ‘पुढची एक’ ही आहे. त्या एकीने काही होत नाही हे बरोबर, पण दिवसाला १० म्हणजे वर्षाला ३,६५० अशाच ‘एकेक’ होतात. शिमग्यानंतर सोडू, मग हंगाम संपला की सोडू, हेही त्यातलंच. म्हणून ‘का ओढता?’ऐवजी ‘कोणत्या तारखेपासून?’ विचारा. तारीख दोन आठवड्यांच्या आतली हवी. आदल्या रात्री लायटर, रक्षापात्र, खिशातलं पाकीट घराबाहेर. नेहमीच्या तीन-चार वेळांसाठी ‘असं झालं तर हे करीन’ असं ठरवून लिहायचं : जेवून उठल्यावर तलफ आली तर बडीशेप तोंडात टाकून बागेत फेरी. तलफ काही मिनिटांतच ओसरते.

सुरुवातीला चिडचिड होते, खोकलाही वाढू शकतो. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘सोडली आणि त्रास सुरू झाला’ असा उलटा निष्कर्ष निघतो. पाकिटावरच्या १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळतं.

प्रश्न : सिगारेट सोडायला २ मिलीग्रॅमचा निकोटीन गम घेतला. उचक्या, जळजळ, आणि तलफ तशीच. शिवाय त्याचीच सवय लागेल अशी भीती वाटते. (मालवण)

तुम्ही तो च्युइंगगमसारखा चघळत असणार. रस पोटात गेला की उचक्या आणि जळजळ होते. निकोटीन, म्हणजे तंबाखूतला तलफ लावणारा घटक, गालाच्या आतून शोषलं जायला हवं. सावकाश चावा, झणझणलं की थांबा, गम गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवा. झणझणणं गेलं की पुन्हा चावा, जागा बदला. एक गम अर्धा तास चालतो. आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना कोकम सरबत, सोलकढी, चहा-कॉफी नको, कारण आंबट तोंडात निकोटीन नीट शोषलं जात नाही. आपल्याकडे जेवणानंतरचा गम इथेच वाया जातो.

दिवसाला दोन-तीन घेऊन ‘उपयोग नाही’ म्हणू नका. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलीग्रॅमचं डॉक्टरांना विचारा.

भीतीचं म्हणाल, तर ओळखीचा धोका लहान आणि नवा धोका मोठा वाटतो. कॅन्सर होतो तो धुरातल्या डांबराने आणि इतर विषारी घटकांनी, गममध्ये धूर नाही. गरोदर असाल किंवा अलीकडे हृदयविकाराचा झटका आला असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.