साठ वर्षांचा एल्फ लहान की मोठा?

प्रश्न असा आहे: डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती पात्रं घेऊन खेळायच्या खेळात एल्फ, म्हणजे माणसासारखा पण शेकडो वर्षं जगणारा काल्पनिक जीव, शंभराव्या वर्षी मोठा होतो, मग साठ वर्षांचा एल्फ घेणारा खेळाडू लहान मूल घेऊन खेळतोय का? टेबलावर वाद झाला आणि डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, ते पात्रच नाकारलं.

नाकारायला नको होतं. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमपुस्तकात स्पष्ट आहे, एल्फचं शरीर साधारण माणसाच्याच वयात वाढून पूर्ण होतं. शंभरीच्या आसपास तो स्वतःला मोठा म्हणवतो आणि मोठेपणीचं नाव घेतो, एवढंच. आयुष्य साडेसातशेपर्यंत. घोटाळा जुना आहे. २००० सालच्या आवृत्तीत वयाच्या तक्त्यात एल्फसमोर मोठेपणाचं वय म्हणून ११० हा आकडा होता. तिथून खेळायला लागलेल्यांच्या डोक्यात ऐंशी वर्षं रांगणारा एल्फ बसला, तो अजून निघत नाही.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. आमच्या खानापूरच्या घरी धाकटे काका पन्नाशी ओलांडून गेले, तरी आजोबा होते तोवर शेताचा व्यवहार त्यांच्या हाती आला नाही. गल्लीत ते बाळूच.

आमच्या टिळकवाडीतल्या टेबलावर एकीची एल्फ बासष्ट वर्षांची होती. एल्फांच्या गावच्या वेशीवर पहारेकऱ्यानं नाव विचारलं, तिनं लहानपणीचंच सांगितलं. तो म्हणाला, "घरचं मोठं कोण आलंय सोबत?" आणि आमच्या पंचविशीतल्या माणूस-योद्ध्याला मात्र आत सोडलं. ती अशी भडकली! "बासष्ट वर्षांची हाय मी, आणि ह्या पोराला सोडताय?" पुढचा तासभर कुणी फासे उचलले नाहीत. इतकं रंगलेलं सेशन मी कमीच पाहिलंय.

खरी संदिग्धता पुढे आहे. एल्फ झोपत नाहीत, चार तास ट्रान्समध्ये, म्हणजे एक प्रकारच्या ध्यानात, बसतात. २०१८ च्या पुरवणी पुस्तकाप्रमाणे लहान एल्फांना त्यात जन्माआधीच्या आठवणी दिसतात, आणि त्या थांबल्या की मोठेपण आलं असं मानतात. मग नाव आधी की आठवणी थांबणं आधी? मी आठवणींना मान देतो, कारण त्या खेळता येतात.

तेव्हा डीएमला सांगा, पात्र परत खेळात घ्या. खेळाडूला एवढंच विचारा: तुझ्या एल्फला अजून त्या आठवणी दिसतात का, आणि काल रात्री काय दिसलं?