कुत्र्याचे वजन हाताने पारखावे
कुत्रा नव्याने पाळला असेल तर केवळ नजरेवर विसंबू नये, कारण दाट केसांखाली हाडे आणि चरबी दोन्ही लपतात. तळहात बरगड्यांवरून हलकेच फिरवावा. बरगड्या सहज हाताला लागल्या, वरून पाहता कंबर आणि बाजूने पाहता पोट आत वळलेले दिसले, तर शरीरस्थितीच्या 9 गुणांच्या मापनात (1 म्हणजे अगदी हडकुळा, 9 म्हणजे अतिस्थूल) तो 4 किंवा 5 वर, म्हणजे योग्य स्थितीत आहे. स्थूल असल्यास उपाशी ठेवू नये. घरातील प्रत्येक जण परस्पर टाकतो ते भाकरीचे तुकडे (खरी अडचण बहुधा तीच असते) आधी थांबवावेत आणि आठवड्याला वजनाच्या 1 ते 2 टक्क्यांहून अधिक घट होऊ देऊ नये. विदर्भाच्या उन्हाळ्यात स्थूल कुत्र्याला उष्माघाताचा धोका अधिक, म्हणून त्याला पहाटेच फिरवावे. खाणे तेच असूनही वजन उतरत असेल, तर पशुवैद्यकांना दाखवावे.